अकरा पानं

बाईंनी डाव्या हाताची दोन बोटं पुढच्या तीन पानांखाली सरकवली आणि कागदाचा आवाज माईकपर्यंत जाणार नाही इतक्या सावकाश ती पानं पलीकडे टेकवली. तोंडातलं वाक्य चालूच होतं. "...आणि संध्याकाळी फौज नदीकाठी आली," एवढं म्हणून त्या थांबल्या, श्वास घेतला आणि तीन पानांपलीकडचा परिच्छेद वाचायला लागल्या. "पैलतीरावर पोचल्यावर राणीने मागे वळून पाहिलं."

मधल्या तीन पानांत नावाड्यांचं गाणं होतं. अठ्ठावीस कडवी.

काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाला पडद्याकडे बघत बसला होता. आवाज नीट उमटतोय ना, एवढंच तो बघायचा. शब्दांशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. तीन वर्षं तो बाईंचा आवाज ध्वनिमुद्रित करत होता, पण त्या काय वाचतात असं कोणी विचारलं असतं तर "राजाराणीचं काहीतरी" एवढंच त्याने सांगितलं असतं.

एक वाजता त्याने हेडफोन गळ्यात घेतला.

"आज पळालात अगदी. चव्वेचाळीस पानं."

बाई पाणी प्यायल्या आणि त्यांनी चष्मा डबीत ठेवला.

अंधांसाठीच्या या ग्रंथालयात बाई दर मंगळवारी आणि शुक्रवारी यायच्या. त्याआधी एकोणतीस वर्षं त्यांनी बस स्टँडवर गाड्यांची घोषणा केली होती. निवृत्त झाल्यावर घरात बसून काय करायचं म्हणून त्या इथे आल्या, आणि ग्रंथपालांनी त्यांच्यासमोर 'उत्तरवाटेची गाथा' ठेवली. नऊ खंडांची मालिका, नववा अजून लिहून व्हायचा होता, प्रत्येक खंड सहाशे-साडेसहाशे पानांचा. त्यात एक राणी, तिची फौज, बर्फातली राज्यं आणि बोलणारे डोंगर. लेखिका भूगोल शिकवणारी निवृत्त शिक्षिका होती. तिने आधी नकाशा काढला आणि मग गोष्ट लिहिली, असं म्हणत. इतकी पानं वाचायला दुसरं कोणी तयार नव्हतं. बाईंना तलवारींची आवड नव्हती, पण काम म्हटल्यावर काम. आता आठवा खंड चालू होता.

पानं वगळायला त्यांनी पाचव्या खंडात सुरुवात केली. तेव्हा घरी ताई अंथरुणाला खिळली होती. बाईंची थोरली बहीण. घरात त्या दोघीच. ताईला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागायचं. वाचायला बसलं की बाईंचे डोळे मिटायचे, ओळ नजरेतून सुटायची. एकदा राजघराण्याची सहा पानांची वंशावळ समोर आली. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याची सून ढमकी. बाईंनी ती सहा पानं उलटली. आभाळ कोसळलं नाही. पुढच्या आठवड्यात एक गाणं गेलं, मग एका किल्ल्याचं वर्णन. ताईला जाऊन आता चौदा महिने झाले होते, पण तो थकवा काही तिच्याबरोबर गेला नाही. बोटांना सवय लागली होती.

जिना उतरताना ग्रंथपालांनी त्यांना गाठलं.

"बाई, शनिवारी चार वाजता खालच्या खोलीत या. आपल्या सभासद मंडळींची वर्षाची निवड आहे. सगळ्यात आवडती मालिका कुठली आणि लेखक कोण. तुम्ही पाहुण्या."

"मला कशाला? मी नुसती वाचते."

"त्यांना तुमच्याखेरीज दुसरं ठाऊक कोण आहे? यायचंच."

शनिवारी खालच्या खोलीत नऊ माणसं खुर्च्या गोल करून बसली होती. पांढऱ्या काठ्या भिंतीला टेकवलेल्या. बाईंनी दारात घसा साफ केला, तसे एक उंच गृहस्थ उठून उभे राहिले.

"बाई आल्या. बसा, डाव्या हाताला खुर्ची आहे."

त्यांना सगळे बोर्डकाका म्हणत. एका मोठ्या कचेरीच्या टेलिफोन बोर्डावर ते एकतीस वर्षं होते. वय बाईंच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी जास्त असावं. बाईंनी त्यांचं नाव ऐकलं होतं. दर खंड संपला की ग्रंथपालांना फोन करणारे ते हेच.

वाद रंगात आला होता. दृष्टी उतारवयात गेलेले एक वकील दोन भावांनी मिळून लिहिलेल्या एका मालिकेची बाजू मांडत होते.

"बारा वर्षांत बारा खंड. एक वर्ष चुकलं नाही. दुधाच्या रतिबासारखे."

"रतीबच तो," खुर्च्या विणायचं काम करणाऱ्या मावशी म्हणाल्या. "दर वर्षी पाणी थोडं जास्त."

सगळे हसले. मग कोणीतरी दुसऱ्या एका लेखकाचं नाव काढलं. तो चौथ्या खंडावर नऊ वर्षं अडकून पडला होता. तो आधी जातो की आपण, एवढंच बघायचं, असं मावशी म्हणाल्या. बाई ऐकत होत्या. ही माणसं "ऐकलं" म्हणत नव्हती, "वाचलं" म्हणत होती. "मी तो खंड दोनदा वाचला." "मी पहाटे वाचत बसले." बाईंना घरी जावंसं वाटायला लागलं.

"माझं मन उत्तरवाटेत आहे," बोर्डकाका म्हणाले, "पण निकाल मनाने द्यायचा नसतो. बाईंसमोर बोलायला संकोच वाटतो, त्यांनी एवढं जीव तोडून वाचलंय. पण लेखिका निष्काळजी आहे."

त्यांनी मांडीवरचा जाड कागद सरळ केला आणि त्यावरून बोटं फिरवत वाचायला सुरुवात केली.

"खंड पाच. राणीच्या हातात एकाएकी अंगठी येते. दिली कोणी? पत्ता नाही. खंड सहा. पूल पडलाय असं सगळे म्हणतात. कधी पडला? आपण तर तिथे होतो. खंड सात. नावाड्यांच्या शापाला सगळी फौज घाबरते. शाप दिला कोणी? अशा सतरा जागा आहेत. पहिल्या चार खंडांत एकही नाही. म्हणजे नाव झालं आणि ही लेखिका हात राखून लिहायला लागली."

बाईंच्या हातातला चहा तसाच राहिला.

"आणि आचारी," कोणीतरी म्हणालं.

"हां, आचारी!" वकील पुढे सरकले. "तापाने फणफणलेला असतो, खिंडीत मुक्काम पडतो, आणि पुढच्या प्रकरणात फौज खिंडीच्या खाली. म्हाताऱ्याचं नाव नाही! इतका लाडका माणूस, आणि त्याचं मरण लिहायचा कंटाळा?"

"मरण कशावरून?" मावशींनी विचारलं.

"सातव्या खंडात म्हटलंय की. 'आचारी गेल्यापासून जेवणाला चव नव्हती.'"

"गेल्यापासून. मेल्यापासून नाही म्हटलं."

"मावशी, माणूस गेला म्हणजे काय होतं?"

"माझा भाचा गेल्या महिन्यात गेला. परदेशात. काल फोन होता त्याचा." मावशींनी हात झटकले. "तो परत येणार बघा. नवव्या खंडात येणार. बाई, तुम्ही पुढचं वाचलंय का हो? येतो का तो?"

"नववा अजून हातात आला नाही," बाई म्हणाल्या. तेवढं खरं होतं.

हात वर करून मतं झाली. उत्तरवाटेला तीन, दोन भावांना सहा. बोर्डकाकांनी स्वतः भावांसाठी हात वर केला, आणि तो खाली घेताना त्यांचा चेहरा आंबट झाला. निघताना त्यांनी बाईंना थांबवलं.

"एक काम होतं. प्रकाशकाच्या पत्त्यावर लेखिकेला पत्र पाठवायचंय. नवव्या खंडात तरी चुका सुधारा म्हणून. पण आंधळ्यांनी पाठवलंय म्हटल्यावर कोणी म्हणायचं, यांना नीट ऐकू आलं नसेल. तुमच्याकडे छापील प्रती आहेत. तेवढी पानं तपासून द्याल? मग बिनधास्त पाठवतो."

ग्रंथपालांनी यादी साध्या लिपीत उतरवून आधीच तयार ठेवली होती. बाईंनी ती घडी करून पर्समध्ये ठेवली.

रविवारी दुपारी त्या जेवणाच्या टेबलावर पाचवा, सहावा, सातवा खंड घेऊन बसल्या. अंगठी वंशावळीच्या सहाव्या पानावर सापडली. राणीची आजी ती देते. पूल किल्ल्याच्या वर्णनात पडत होता, अगदी धडाक्याने, चार माणसं घेऊन. शाप एका गाण्याच्या शेवटच्या कडव्यात होता. बाई प्रत्येक जागेपुढे पेन्सिलीने बारीक खूण करत गेल्या. सतरापैकी सोळा त्यांच्याच. सतरावी तेवढी खरंच लेखिकेची होती. एका सरदाराचा घोडा दुसऱ्या खंडात तांबडा होता आणि सहाव्यात पांढरा झाला होता. बाईंना त्या घोड्याचा कोण आधार वाटला.

मग त्यांनी पाचव्या खंडातलं खिंडीचं प्रकरण उघडलं आणि लगेच मिटलं.

तो दिवस त्यांना लख्ख आठवत होता. सकाळी ताईला चमच्याने पाणी पाजताना ते तिच्या ओठांच्या कडेने खाली ओघळलं होतं. गिळणं थांबलं होतं. शेजारच्या वहिनींना तिच्याजवळ बसवून बाई घराबाहेर पडायचं म्हणून रेकॉर्डिंगला आल्या, आणि तासाभराने समोरच्या पानावर लिहिलेलं होतं की आचाऱ्याच्या तोंडात घातलेलं पाणी ओघळून उशीवर सांडलं. बाईंनी ते वाक्य कसंबसं पुरं केलं. मग पुढचं प्रकरण जिथे सुरू होतं तिथपर्यंतची पानं धरून उलटली. अकरा पानं. त्यानंतर आचारी पुस्तकात कुठे आला नाही, आणि सातव्या खंडातलं ते वाक्य वाचताना बाईंना त्यात शंका घेण्यासारखं काही वाटलं नाही.

ताईला गोष्टीची गोडी होती. बाई घरी आल्या की ती विचारायची, "आज कुठवर आली फौज?" त्या दिवशी तेवढं बोलायची ताकद नव्हती. तिने नुसतं "आचारी?" म्हटलं.

"गेला, ताई," बाई म्हणाल्या.

ताईने थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं. मग विचारलं, "कुठे?"

तिला भ्रम होतोय असं वाटून बाईंनी तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि झोप म्हणून सांगितलं. नवव्या दिवशी ताई गेली.

सोमवारी बाई बोर्डकाकांच्या घरी पोचल्या. सुनेने दार उघडलं. बोर्डकाका खिडकीशी बसून मटार सोलत होते. दाणे एका भांड्यात, टरफलं दुसऱ्यात. आवाज ऐकून ते खुलले.

"यादी तपासली? एवढ्या लवकर?"

"तपासली." बाई समोरच्या खुर्चीवर टेकल्या. बसमध्ये त्यांनी चार वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आता सापडेना. "चुका लेखिकेच्या नाहीत. माझ्या आहेत. मी पानं वगळली."

बोर्डकाकांची बोटं शेंगेवर थांबली.

"म्हणजे?"

"वाचली नाहीत. उलटली. अंगठी आहे पुस्तकात, पूलही आहे. सगळं आहे. मी वाचलं नाही."

आतून कुकरची शिट्टी झाली. सून काहीतरी विचारायला दारापर्यंत आली आणि तशीच परत गेली.

"का?"

"दमले होते."

"दमला होतात." त्यांनी शेंग भांड्यात टाकली, न सोलता. "मग सांगायचं. स्टँडवर गाडी रद्द झाली तर सांगत होतात ना? का नुसती माणसं उभी ठेवत होतात फलाटावर?"

बाईंनी यादीची घडी पर्समधून काढून भांड्याशेजारी ठेवली.

"कंटाळा आला की डोळस माणूसही पानं उलटतो, मला माहीत आहे. पण तो आपली पानं उलटतो. आमची तुम्ही उलटलीत, आणि आम्हाला कळूही दिलं नाहीत." त्यांचा आवाज चढला नव्हता. बोर्डावर असतानाही तो कधी चढला नसावा. "आणि आम्ही काय केलं? त्या लेखिकेला निष्काळजी ठरवलं. भर सभेत. मी हात वर केला तिच्याविरुद्ध."

"मी सगळं परत वाचते. सोळाच्या सोळा—" बाई अडखळल्या. "सोळा तुमच्या लक्षात आल्या. एकंदर बावन्न आहेत. मी काल रात्रीपर्यंत शोधून काढल्या. सगळ्या वाचते."

बोर्डकाकांनी न सोललेली शेंग भांड्यातून शोधून काढली आणि सोलली. मग भांडं बाजूला ठेवून म्हणाले, "यादीत सतरा होत्या."

"एक खरंच लेखिकेची आहे. घोड्याची."

"तांबड्या घोड्याची?"

"हो."

"तरी मी म्हणत होतो," असं म्हणताना त्यांच्या तोंडावर हसू यायला लागलं होतं, ते त्यांनी आवरलं. "पत्र मी पाठवत नाही. पण हे मंडळींना मी सांगणार नाही. शनिवारी तुम्ही या आणि तुम्ही सांगा."

शनिवारी बाईंनी सांगितलं. स्टँडवर हजार माणसांपुढे बोलताना कधी वाक्य अडखळलं नव्हतं. इथे नऊ माणसांपुढे अडखळलं. वकील म्हणाले की हा विश्वासघात आहे, आणि काठी घेऊन निघून गेले. मावशींनी विचारलं, "मग आचाऱ्याचीही पानं आहेत?"

"अकरा आहेत."

"मेला का तो?"

"मी वाचली नाहीत ती," बाई म्हणाल्या. "तेव्हाही नाही. नंतरही नाही."

मावशींनी मान हलवली. त्यांच्या हातांना काम नसलं की त्या पदराचं टोक विणल्यासारखं बोटांतून फिरवत. "मग वाचा," त्या म्हणाल्या. "मेला असेल तर मेला. पण हळू वाचा."

पुढचे सात आठवडे आठव्या खंडाचं पुढचं वाचन बाजूला राहिलं. बाई आता तीन दिवस यायच्या. रेकॉर्डिंगवाल्याला काम वाढल्याचा राग आला होता. जुन्या आवाजात नवा आवाज बसवायचा म्हणजे कटकट, असं तो दर वेळी म्हणायचा. शिवाय आवाज जुळत नव्हता. पाचव्या खंडातला बाईंचा आवाज भरलेला होता. आताचा कोरडा, मध्येच फाटणारा. ठिगळ कुठे लावलंय ते कोणालाही कळलं असतं.

"कळू दे," बाई म्हणाल्या.

वंशावळ वाचायला पाऊण तास लागला. किल्ल्याच्या वर्णनात दोनदा जांभई आली आणि दोनदा परत घ्यावं लागलं. घरी गेल्यावर त्या जेवायच्या आणि दिवा न लावता पडून राहायच्या. एका संध्याकाळी फोन वाजला. पलीकडून बोर्डकाकांचा आवाज आला, "अंगठी मिळाली," आणि फोन बंद झाला. चार दिवसांनी पुन्हा. "पूल पडला." ना नमस्कार, ना विचारपूस. वकीलही परत ऐकायला लागल्याचं ग्रंथपालांकडून कळलं. पण खाली दिसले तर ते बाईंशी बोलत नसत. सहाव्या आठवड्यात आठव्या खंडातलं नावाड्यांचं गाणं झालं, अठ्ठावीसच्या अठ्ठावीस कडव्यांसकट. त्यानंतरच्या फोनवर बोर्डकाका जरा थांबले.

"बाई, एक सांगू? हे वगळलंत ते ठीकच केलं होतंत."

बाईंना हसू आलं. किती दिवसांनी आलं, ते त्यांनी मोजलं नाही.

एकावन्न जागा पुऱ्या झाल्या. उरली एक.

त्या शुक्रवारी बाई नेहमीपेक्षा लवकर आल्या. पाणी घेतलं, पुस्तक उतरत्या फळीवर ठेवलं, माईक अर्धं बोट खाली घेतला. "थोडं हळू वाचणार आहे आज," त्यांनी काचेपलीकडे सांगितलं. लाल दिवा लागला.

पाणी ओघळून उशीवर सांडलं, तिथपासून त्यांनी सुरुवात केली. पहिल्या दोन पानांत रात्र होती. सैनिक आळीपाळीने म्हाताऱ्याजवळ बसत होते, चिंधी भिजवून त्याच्या ओठांना लावत होते. एक जण म्हाताऱ्याच्या शिव्या आठवून रडत होता. बाईंनी हात मांडीवर घट्ट धरले होते, म्हणजे बोटं पानांकडे जाऊ नयेत. तिसऱ्या पानावर राणी येऊन गेली. चौथ्या पानावर खड्डा कुठे खणायचा याची कुजबुज झाली. जमीन गोठलेली होती. बाई मनातल्या मनात पुढच्या ओळीसाठी तयार होऊन एकेक ओळ वाचत होत्या. प्रत्येक पान उलटताना त्यांना वाटायचं, आता.

सहाव्या पानावर पहाट झाली. आचाऱ्याने डोळे उघडले आणि घोगऱ्या आवाजात विचारलं की हा जळका वास कसला. कोणीतरी त्याच्यासाठी पेज शिजवायला ठेवली होती. त्याने एक घोट घेतला, थुंकला आणि मिठाचं प्रमाण न कळणाऱ्या समस्त पिढीचा उद्धार केला. सैनिक हसले. राणी हसली.

बाई थांबल्या. तोंडात पुढचं वाक्य तयार होतं, पण ते बाहेर येईना. रेकॉर्डिंगवाल्याने मान वर केली. त्यांनी हाताने त्याला थांब म्हणून खूण केली, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि वाचायला लागल्या.

उरलेली पाच पानं आचाऱ्याच्या सामानाची होती. चार दिवसांनी त्याला उभं राहता आलं, तेव्हा तो राणीला म्हणाला, माझं आता वय झालं, पुढची लढाई माझ्याच्याने निभायची नाही. मोठा झारा त्याने त्या रडणाऱ्या सैनिकाला दिला. मोठं पातेलं ठेवून घेतलं नाही, लहान घेतलं. एका माणसाला तेवढं पुरे. खेचरावर दोन पोती बांधली, गाठ पुन्हा सोडून पुन्हा बांधली. लेखिकेने प्रत्येक वस्तू लिहिली होती, आणि बाईंनी प्रत्येक वस्तू वाचली. अकराव्या पानाच्या शेवटी म्हातारा खिंडीच्या दक्षिणेकडच्या वाटेने खाली उतरला. फौज तो दिसेनासा होईपर्यंत उभी राहिली. मग तंबू उखडले गेले आणि सगळे उत्तरेला निघाले.

दिवा विझला.

रेकॉर्डिंगवाल्याने हेडफोन काढला, पण तो उठला नाही. मधल्या खिडकीची काच त्याने बाजूला सरकवली.

"बाई, हा म्हातारा मेला नव्हता का? मला वाटलं, कधीचाच मेला."

तीन वर्षांत त्याने पहिल्यांदा गोष्टीबद्दल काही विचारलं होतं. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "घरी गेला."

"असं होय." त्याने मान हलवली. "शेवटच्या परिच्छेदात आवाज जरा हललाय तुमचा. तेवढा परत घ्यायचा?"

"घेऊ या."

त्याने काच बंद केली आणि बटणावर बोट ठेवून वाट बघू लागला. बाईंनी पान परत सरळ केलं. मग खुर्ची थोडी मागे सरकवून त्या तशाच बसून राहिल्या. बाहेर कोणीतरी काठी टेकवत जिना चढत होतं. रेकॉर्डिंगवाल्याने घाई केली नाही.